‘केवड्याचं पान’ आणि पाच तबकड्या

रविवार, १ जानेवारी १९८४

मंदाने तिच्या विम्याच्या कचेरीतून ही डायरी आणली. म्हणाली, "बाबा, रिटायर झाल्यापासून तुम्ही घरातल्या डब्यांची झाकणं तपासत बसता. त्यापेक्षा काहीतरी लिहा." झाकणं तपासतो हे खरं. तीन झाकणं नीट बसत नाहीत हेही खरं, पण ते कोणी ऐकून घेत नाही.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. क्वार्टर सोडून सहकारनगरच्या या फ्लॅटात आलो त्याला आठ महिने झाले. मंदाची आई असती तर तिने घर लावलं असतं. आम्ही बापलेकीने नुसतं सामान ठेवलं आहे. माझ्या तबकड्या मात्र पहिल्याच दिवशी जागेवर लागल्या.

आज तबकडी मंडळाची सभा होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही साठ-सत्तर माणसं जुनी गाणी ऐकायला जमतो. नियम एकच: गाणं तबकडीवरूनच वाजलं पाहिजे, टेप चालणार नाही. येत्या २६ फेब्रुवारीला मंडळाला दहा वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशीचं भाषण माझ्याकडे आलं आहे. विषय मीच दिला: एक गाणं, अनेक तबकड्या. गाणं अर्थातच विजयमाला राजगुरू यांचं १९५८ सालचं ‘केवड्याचं पान हललं’. असं एक लग्न दाखवा की ज्यात ते बँडवर वाजलेलं नाही.

चिटणीस दीनानाथ भावे यांचं पूर्वी चष्म्यांचं दुकान होतं. त्यांनी आजवर कोणाची स्तुती केल्याची नोंद नाही. म्हणाले, "आगाशे, तुम्हीच बोला. श्रोत्यांनाही कधीतरी झोप हवी." मी ती संमती समजलो.

बुधवार, ४ जानेवारी

सकाळपासून या गाण्याच्या माझ्याकडच्या चारही प्रती ओळीने ऐकल्या. पहिली लाखेची जड तबकडी, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची. खरखर आहे, पण तबल्यावर बोट कुठे पडलं तेसुद्धा कळतं. दुसरी तशीच, पण तीन वर्षांनी काढलेली. तोवर कारखान्यातला ठसा झिजला असावा. बाईंचा ‘स’ बोथट झाला आहे. तिसरी पंचेचाळीसची, छोटी आणि चकचकीत. आवाज असा पुढे येतो की बाई आपल्याच सोफ्यावर बसल्यात, आणि वादक मात्र जिन्यात उभे. चौथी मोठी एलपी. तिच्यात कोणा हुशार माणसाने घुमारा भरला आहे. बाई विहिरीत उतरून गातात.

चारही प्रतींत एक गोष्ट मात्र तशीच. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सांग, कोण आलं’ ही ओळ येते, आणि तिच्यातला ‘सांग’ ठेक्याच्या जराशी आधीच पडतो. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती अलीकडेच लागावी, तसं होतं. सगळं गाणं त्या एका ‘सांग’साठी ऐकायचं. आज चार वेळा ऐकलं, आणि चारही वेळा मान आपोआप हलली. मंदाने स्वयंपाकघरातून विचारलं, "सगळ्या प्रतींत तेच गाणं आहे ना? की एखादीत वेगळी बाई येते?"

शनिवार, ७ जानेवारी

मोठी बातमी. तबकडीच्या खाचा जिथे संपतात तिथे भिंगाने पाहिलं तर एक बारीक आकडा कोरलेला दिसतो. शेवटी १ असेल तर गायिकेने पहिल्यांदा म्हटलेलं, २ असेल तर दुसऱ्यांदा. माझ्या चारही प्रतींवर २ आहे. मग १ कुठे गेला?

भाव्यांना विचारलं. चष्मा पुसत म्हणाले, "पहिल्या काही तबकड्या निघाल्या आणि कंपनीने परत घेतल्या. त्यात बासरीच्या जागी जलतरंग होतं म्हणे. दुसऱ्या कडव्यात कुठेतरी चुकलं होतं. पुण्यात एकच प्रत उरली, नव्या पेठेत सुहासिनी पेंडसे यांच्याकडे. शाळेत भूगोल शिकवायच्या. कोणाला देत नाहीत." जाताना म्हणाले, "गेलात तर कान उघडे ठेवून जा, आगाशे." माझ्या कानांबद्दल हे मला सांगतात.

म्हणजे सदोष माल म्हणून परत घेतलेला लॉट. चौतीस वर्षं ज्याच्यावर जगलो तेच. असा लॉट हाती आला की आमच्या खात्याचा अहवाल पाच रकान्यांचा असायचा: खोट, ठिकाण, प्रमाण, जबाबदार व्यक्ती, शेरा. भाषणाचा आराखडा जागेवरच ठरला. रात्रभर थांबावं लागलं नाही.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ हे पुण्यात कोणाच्याही दारात उभं राहायला पुरेसं कारण आहे. तेवढ्यावर नव्या पेठेत गेलो. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. पेंडसेबाई पंचावन्नच्या आतल्या असाव्यात. सडपातळ, केस निम्मे पांढरे, लग्न केलेलं नाही. तिळगूळ घेतला आणि माझं सगळं बोलणं दारातच उभं राहून ऐकलं.

"रेकॉर्ड बाहेर जात नाही," त्या म्हणाल्या.

"मी काळजी घेईन."

"काळजी सगळेच घेतात, आणि मग तडे कुठून येतात? ऐकायचं असेल तर इथे बसून. गुरुवारी चार वाजता. साडेतीनला नाही, साडेचारला नाही."

वेळेची ही शिस्त पाहून बरं वाटलं. आमच्या कारखान्यात असत्या तर फोरमन सरळ झाला असता.

गुरुवार, १९ जानेवारी

ऐकलं. आकडा १ आहे, भिंगाने खात्री केली. बाईंकडे चावीचा जुना ग्रामोफोन आहे. तबकडी झिजू नये म्हणून मी सुई सुरुवातीला न ठेवता सरळ दुसऱ्या कडव्यावर ठेवली. भाव्यांनी सांगितलेली खोट तिथेच आहे. कडवं संपताना जलतरंगाची एक लहर येते आणि ती ठेक्याच्या आधी घुसते. स्पष्ट चूक. हातातल्या स्टॉपवॉचवर मोजलं आणि वहीत लिहिलं: अर्धी मात्रा आधी.

बाई त्या वेळी चहा टाकायला आत गेल्या होत्या. बाहेर आल्यावर मी आकडा सांगितला. म्हणाल्या, "अर्धी नाही. पाव." परत मोजलं. पावच होती. भूगोलाच्या शिक्षिकेच्या मानाने कान चांगला आहे.

गुरुवार, २६ जानेवारी

सुट्टी असल्यामुळे बस वेळेवर नव्हती. स्वारगेटवरून पायी गेलो आणि बरोबर चारला पोचलो. वाटेत मंडईत पेरू छान दिसले म्हणून सहा घेतले. एकट्या बाईला सहा जास्त होतात हे नंतर लक्षात आलं. मग तिथेच दोन खाल्ले.

पुन्हा तीन वेळा तीच जागा ऐकली. बाईंना वेळेचं भान असलं तरी प्रसंगाचं नाही असं दिसतं. मी सुई टेकवली की त्यांना नेमकं आत काहीतरी आठवतं. आज दूध आठवलं, मग खिडकी, मग पुन्हा दूध.

चहाची गंमत लिहून ठेवतो. त्यांनी कप भरला, न बघता चमच्याने कडेला टक केलं आणि म्हणाल्या, "याला तडा आहे, दुसरा देते." मी कप उजेडात धरला. केसाएवढी रेघ होती. आमच्याकडे तोफगोळ्याचं लोखंडी कवच असंच ठोकून तपासायचे. ज्याला कानाने तडा कळे असा माणूस खात्यात एकच होता, आणि त्याला साहेब लोकही नमस्कार करायचे. हे मी बाईंना सांगितलं. त्या हसल्या. याआधी मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

कपाटाच्या वरच्या फळीवर चिनी मातीचे वाडगे दिसले. सर्वांत मोठा डावीकडे, मग एकेक लहान, शेवटचा पुरीएवढा. मोजले, अठरा भरले. एकट्या बाईला एवढे वाडगे कशाला लागतात? हळदीकुंकवाला शेजारणी वगैरे येत असतील.

रविवार, ५ फेब्रुवारी

अहवालाचे तीन रकाने भरले. ‘जबाबदार व्यक्ती’ अडला आहे. तबकडीवर गायिकेचं आणि कवीचं नाव आहे, वादकांची नावं त्या काळी छापत नसत. आज सभेत विचारलं, कोणालाच माहीत नाही. भावे नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेचा नंबर बहुतेक बदलला असावा.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

मंदाचा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. सभेत टेप चालत नसली तरी घरी अभ्यासाला हवी. बाई म्हणाल्या, "आवाज घेऊन जा, तबकडी इथेच राहील." या वेळी सुई अगदी सुरुवातीला ठेवून पूर्ण बाजू भरून घेतली. ती वाजत असताना आम्ही दोघं मागच्या अंगणात जाऊन उभे राहिलो, बोलण्याचा आवाज टेपमध्ये येऊ नये म्हणून. कल्पना बाईंची. बाहेर त्यांनी मला त्यांची ब्रह्मकमळाची कुंडी दाखवली. मी कुंडीबद्दल एवढं बोललो की टेप संपून पाच मिनिटं झाली तरी कळलं नाही.

पुढे स्वतःच म्हणाल्या की कार्यक्रमाच्या दिवशी तबकडी त्या स्वतः हॉलमध्ये घेऊन येतील. सव्वीस वर्षांत ती पहिल्यांदा उंबरा ओलांडणार आहे. बसमध्ये बसल्यावरही मला बरं वाटत होतं. अहवाल पूर्ण होत आला की असं होतंच.

घरी आल्यावर मंदा म्हणाली, "नवा सदरा घालून रेकॉर्ड ऐकायला जातात हे मला माहीत नव्हतं." सांगितलं की जुन्याचं बटण तुटलं आहे. तिने जुना सदरा आणून सगळी बटणं मोजून दाखवली. पोरगी माझ्यावर गेली आहे.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आज बाईंना अहवालाचा कच्चा मसुदा वाचून दाखवला. खोट: जलतरंग लवकर. ठिकाण: दुसरं कडवं. प्रमाण: पाव मात्रा. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "चौथ्या रकान्यात काय?"

"जबाबदार व्यक्तीचं नाव. अजून मिळालेलं नाही."

"मिळालं तर वाचणार? सगळ्यांसमोर?"

"अर्थात. नावाशिवाय अहवाल म्हणजे सहीशिवाय चेक. माणूस कळल्याशिवाय चूक सुधारत नाही, असं आमचे मोठे साहेब म्हणायचे."

"सव्वीस वर्षांपूर्वीची चूक आता काय सुधारणार, आगाशे?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे," मी म्हटलं.

त्या उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चहाची पावडर संपली आहे." पाच वाजायच्या आत मी रस्त्यावर होतो. प्रकृती बरी नसावी. पुढच्या वेळी पावडरीचा पुडा घेऊन जावा.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

पावशेर पावडर घेऊन गेलो. दार बंद. कडीला चिठ्ठी अडकवलेली, अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं सुबक: ‘श्री. आगाशे यांस, रविवारी तबकडी मिळू शकणार नाही. क्षमस्व. सु. पेंडसे.’

आत कोणीतरी होतं असं वाटलं, कारण भांड्याचा आवाज आला. पण बेल दोनदा वाजवूनही दार उघडलं नाही. पुडा पायरीवर ठेवून आलो.

पहिल्या तबकडीशिवाय कार्यक्रम म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. टेप मंडळाला चालत नाही. पत्रिका वाटून झाल्या, शाळेच्या बाहेर फळाही लागला आहे. पण खरं लिहायचं तर मला कार्यक्रमाचं तितकं वाईट वाटत नाही. दार उघडलं नाही याचं वाटतं. मी काय चुकलो ते शोधतो आहे आणि सापडत नाही. आजवर दुसऱ्यांच्या चुका शोधताना एवढा वेळ कधी लागला नव्हता.

मंदाला चिठ्ठी दाखवली. तिने प्रत्येक गुरुवारी काय काय झालं ते सगळं विचारून घेतलं. वाडग्यांबद्दल, कपाबद्दल, अंगणाबद्दलसुद्धा. मग कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच तपासनीस होतात ना?" याचा इथे काय संबंध ते सांगितलं नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी

आजचा दिवस नीट लिहिला पाहिजे.

सकाळी साडेआठला मंदा पोळ्या लाटत होती आणि तिने ती टेप लावली होती. मी बाहेर पेपर वाचत होतो. ती टेपबरोबर मोठ्याने म्हणत होती, आणि पहिल्या कडव्याच्या शेवटी अडखळली. टेप मागे नेली, पुन्हा म्हटलं, पुन्हा अडखळली.

"बाबा, ही बाई चुकते की मी?"

"तू," मी पेपरमधूनच म्हणालो.

"या, ऐका. मी ‘सांग’ नेहमीच्या जागी म्हणते, आणि ती म्हणतच नाही. ती थांबते आणि ठेक्यावर म्हणते, शाळेतल्या प्रार्थनेसारखं."

आत गेलो. ऐकलं. पोरगी बरोबर होती. पहिल्या कडव्यात ‘सांग’ अगदी ठेक्यावर पडतो, सरळ, काही गंमत नाही. मग दुसरं कडवं आलं. जलतरंग पाव मात्रा आधी घुसलं, आणि विजयमालाबाईंनी काय करावं? त्याला एकटं पडू दिलं नाही. त्या पण लगेच त्याच्याबरोबर उडी मारून ‘सांग’ म्हणाल्या, ठेक्याच्या आधी. जणू असंच ठरलं होतं. तो ‘सांग’. ज्याच्यासाठी सगळं पुणं मान हलवतं तो ‘सांग’ इथे जन्माला येतो, माझ्या डोळ्यांसमोर, पिठाच्या परातीशेजारी.

मी धावत जाऊन बाकीच्या चार तबकड्या लावल्या. चारींत दोन्ही कडव्यांत ‘सांग’ आधी. म्हणजे सगळा उलगडा झाला. गाणं बसवलं होतं साधं. पहिल्या मुद्रणात जलतरंग चुकलं, गायिकेने सांभाळून घेतलं, आणि ते कोणाच्या तरी कानाला गोड लागलं. दुसऱ्या मुद्रणात जलतरंग काढून बासरी घातली, पण ती चूक ठेवली. एकदा नाही, दोन्ही कडव्यांत ठेवली. ज्या वादकामुळे गाणं गाजलं त्याला घरी पाठवलं आणि त्याने आणलेली वस्तू ठेवून घेतली.

आणि मी महिनाभर सुई सरळ खोटीवर ठेवत होतो, घरी टेपही तिथपर्यंत पुढे पळवत होतो. आमच्या खात्याची रीत: जिथे खूण केली आहे तिथेच गेज लावायचं, बाकी नग बघायचा नाही. पहिलं कडवं एकदा जरी ऐकलं असतं तरी कळलं असतं. चौतीस वर्षांत किती चांगला माल असा फेकला असेल कोण जाणे. आणि तरीही एवढा आनंद झाला की मंदाच्या हातातलं लाटणं घेऊन मी ओट्यावर ठेका धरला.

हे सगळ्यात आधी पेंडसेबाईंना सांगावंसं वाटलं. बसने नव्या पेठेत गेलो. दार बंदच, पण या वेळी कुलूप होतं. खिशातला कागद काढून पायरीवर बसलो आणि लिहिलं. मंदाही मागोमाग आली होती, मला एकट्याला सोडवेना म्हणाली. मजकूर इथे उतरवतो:

‘पेंडसेबाई, मी चुकलो. ती खोट नाही. पहिल्या कडव्यातला ‘सांग’ ऐका, मग दुसऱ्यातला ऐका, मग पुढच्या कोणत्याही तबकडीतले दोन्ही ऐका. जलतरंगवाल्याने जी वाट दाखवली तिच्यावरूनच हे गाणं सव्वीस वर्षं चालतं आहे. चौथ्या रकान्याचं नाव मी आता ‘जबाबदार’ऐवजी ‘श्रेय’ असं केलं आहे. नाव अजून मिळालेलं नाही, आणि याची मला फार खंत आहे, कारण तो माणूस जिवंत असेल तर त्याला हे कोणीतरी सांगायला हवं. तबकडी आणा किंवा आणू नका, पण आपण या. आपण नसाल तर मला बोलण्यात रस नाही. अनंत आगाशे.’

शेवटचं वाक्य खोडावं का असं मंदाला विचारलं. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "एक अक्षर बदलू नका. ‘जलतरंगवाला’सुद्धा राहू द्या." का ते समजलं नाही. चिठ्ठी दाराखालून सरकवली.

रविवार, २६ फेब्रुवारी

आता दुपारचे तीन वाजले आहेत. जेवण झालं, झोप येणं शक्य नाही.

नऊ वाजता हॉलवर गेलो तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या, मागे सतरंजीवरही लोक होते. दीडशे तरी असतील. भाव्यांनी विचारलं, "पहिली तबकडी कुठे आहे?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "वा. म्हणजे चार तबकड्या आणि एक अफवा." साडेनऊला सुरुवात केली. चारही प्रती वाजवल्या. विहिरीवर हशा मिळाला, जिन्यातल्या वादकांवरही मिळाला. मी दर मिनिटाला दाराकडे बघत होतो.

चौथी संपत असताना पेंडसेबाई आल्या. आकाशी रंगाचं पातळ, हातात पंच्यात गुंडाळलेली तबकडी. सरळ व्यासपीठाशी आल्या, ती भाव्यांच्या हातात दिली आणि तिसऱ्या रांगेत मंदाशेजारी जाऊन बसल्या. मंदाने ती खुर्ची पिशवी ठेवून अडवली होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी लोकांना फक्त एवढंच सांगितलं: पहिल्या कडव्याकडे लक्ष द्या. भाव्यांनी सुई सुरुवातीला ठेवली. पहिला ‘सांग’ ठेक्यावर पडला तेव्हा दीडशे माना आधीच हलून बसल्या होत्या. सगळे फसले. हॉलमध्ये चुळबुळ झाली. मग दुसरं कडवं आलं, जलतरंग आधी घुसलं, विजयमालाबाई त्याच्याबरोबर गेल्या, आणि मागच्या सतरंजीवरून कोणीतरी "अरे, हे तर…" म्हणालं. मी बाईंकडे पाहिलं. या वेळी त्या उठून गेल्या नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या.

मग अहवाल वाचला. वेगळेपण: जलतरंग लवकर. ठिकाण: दुसरं कडवं. प्रमाण: पाव मात्रा. श्रेय: "नाव अज्ञात," मी म्हणालो. "शोधलं, मिळालं नाही. हे माझ्या कामातलं न्यून आहे."

"अज्ञात नाही," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. बाई उभ्या राहिल्या होत्या. वर्गात फळ्याकडे बघून बोलावं तशा स्वरात म्हणाल्या, "सुहासिनी वामन पेंडसे. लिहा."

मला काय झालं ते सांगता येत नाही. वाडगे, कप, पाव मात्रा, दूध, खिडकी, पुन्हा दूध, सगळं एकदम अंगावर आलं. पेन उघडलं, पण अक्षर काही केल्या सरळ येईना. सगळा हॉल वाट बघत होता. शेवटी भाव्यांनी माझ्या खांद्यावरून कागदात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आगाशे, ‘पेंडसे’ला एवढा वेळ लागत नाही. आता शेरा वाचा."

शेऱ्याचा रकाना कोराच होता. मी उभ्या उभ्या म्हणालो, "पास." एवढंच निघालं तोंडातून. टाळ्या किती वेळ चालल्या ते मोजलं नाही. स्टॉपवॉच खिशात होतं.

लोकांनी तबकडी पुन्हा लावायला लावली. या खेपेला दुसऱ्या कडव्याला दीडशे माणसांनी एकदम ‘सांग’ म्हटलं, ठेक्याच्या आधी, जलतरंगाबरोबर. भाव्यांनीसुद्धा म्हटलं, मी पाहिलं.

नंतर शाळेच्या व्हरांड्यात बटाटेवडे होते. बाईंनी मला सगळं सांगितलं. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि मुद्रणाचा तो पहिलाच दिवस होता. हात घाईने पडला, लहर आधी गेली. "कळवू" म्हणाले, आणि कोणी कळवलं नाही. पोस्टाने ही एक तबकडी आली. दुसऱ्या कडव्यापुढे त्यांनी ती कधी ऐकली नाही. रेडिओवर गाणं लागलं की बंद करायच्या, लग्नात बँडने सुरू केलं की पंगतीकडे जायच्या. दुसऱ्या मुद्रणात पुढे काय केलं हे त्यांना कालच्या चिठ्ठीपर्यंत ठाऊकच नव्हतं. काल रात्री शेजाऱ्यांच्या प्लेअरवर त्यांची पंचेचाळीसची तबकडी लावून घेतली आणि पहिल्यांदा पूर्ण ऐकली.

"मग गुरुवारी दार का उघडलं नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही माझ्याच घरात बसून, माझाच चहा पिऊन, माझी खोट काढत होतात. आणि ‘वाचणार, अर्थात’ म्हणालात. मी काय पोहे करून वाढायला हवे होते?"

मी क्षमा मागितली. आयुष्यात इतकी मनापासून मागितल्याचं आठवत नाही. त्या म्हणाल्या, "असू दे. तुम्ही नसतात तर मी मरेपर्यंत चुकलेलीच राहिले असते." डोळे पुसले आणि दुसरा वडा घेतला.

भावे आले. त्यांना ठणकावून विचारलं की त्यांना माहीत होतं का. म्हणाले, "होतं. तुम्ही मला तबकडी कोणाकडे आहे ते विचारलंत, वाजवलं कोणी ते सभेला विचारलंत. मला कोणी विचारलं?" मग बाईंना म्हणाले, "पुढच्या वर्षी तबकडीचा नियम एक दिवस बाजूला ठेवू. तुम्ही समोर बसून वाजवा." बाई म्हणाल्या, सव्वीस वर्षांत हात लावलेला नाही, सराव करावा लागेल. मंदाने लगेच सांगितलं की बाबा रिकामेच असतात.

निघताना बाईंना स्वारगेटपर्यंत पोचवलं, खरं तर त्यांचं घर उलट्या दिशेला आहे. बस येईपर्यंत त्या माझ्याबरोबर थांबल्या. मी म्हटलं की पाचही तबकड्यांचं काम आता संपलं, अहवाल बंद झाला. त्या म्हणाल्या, "हो. गुरुवारी चारला या." कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.